भिंगरीची सहावी

दुकान रिकामं करायचं ठरलं त्या रविवारी आबांनी सकाळीच ताकीद देऊन टाकली, की किल्ल्यांच्या पेट्यांना त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. बाकी काय हवं ते उचला, विका, फेकून द्या. मग ताईच्या वाट्याला भिंतीवरची कुलपं आली, तिच्या धाकट्या भावाच्या वाट्याला लोखंडी कपाट आणि भावजयीच्या वाट्याला पोटमाळा, कारण न कुरकुरता शिडी चढणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. धाकट्याची लेक भिंगरी कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. ती नावाला जागून सगळ्यांच्या पायात येत होती.

इमारत विकली गेली होती. नव्या मालकाला तळमजल्यावर काचेच्या दारांचं कॉफीचं दुकान हवं होतं. गल्लीतला पाववाला, कपडे रंगवणारा, छत्र्या दुरुस्त करणारा, सगळे एकेक करून शहराच्या कडेला गेले होते आणि आता कुलूपवाल्याची पाळी आली होती. आबांनी त्याचा बाऊ केला नाही. हत्यारं घराच्या मागच्या खोलीत हलवायची, पत्ता दारावर रंगवून ठेवायचा, ज्याची किल्ली हरवेल तो शोधत येईल, असा त्यांचा हिशेब होता. नवे लोक जुन्यांपेक्षा जास्त किल्ल्या हरवतात, असंही ते वर ऐकवायचे.

ताईचं चित्त मात्र कुलपांत नव्हतं. भिंगरी सहावीत जायची होती आणि कुठल्या शाळेत, ते त्याच आठवड्यात कळवायचं होतं.

वस्तीत दोन शाळा होत्या. दोन्ही पालिकेच्या, दोन्ही फुकट. कालव्याकाठची जुनी, उंच छतांची. आबा तिथे शिकले, ताई आणि धाकटा तिथे शिकले, आणि ताई तर शिकूनसवरून परत तिथेच गणिताच्या बाई म्हणून येऊन बसली होती. दुसरी पाण्याच्या टाकीजवळची, नव्या उंच इमारतींचे मनोरे उभे राहिल्यावर बांधलेली. आधी मनोऱ्यांतली मुलं तिकडे जाऊ लागली, मग त्यांच्या मागोमाग बाकीचीही, आणि कालव्याकाठचे वर्ग वर्षागणिक विरळ होत गेले. या वर्षी सहावीची तुकडी भरली नाही तर शाळा टाकीजवळच्या शाळेत मिसळून टाकायची, असं वरून आलं होतं.

तेव्हापासून ताई शाळा सुटली की दारं ठोठावत फिरत होती. गल्लीतली झाली, मग मनोऱ्यांतलीही. मनोऱ्यांत लोक दार उघडायचे, आदरानं ऐकून घ्यायचे आणि बघू म्हणायचे. अशाच एका दारात, माघारी वळता वळता तिच्या तोंडून निघून गेलं होतं, की माझी सख्खी भाचीसुद्धा आमच्याकडेच येणार आहे. दारातल्या बाईंचा चेहरा एकदम बदलला. मग पुढच्या दारातही तिनं तेच सांगितलं. हे काही खोटं नव्हे, अशी ती स्वतःची समजूत घालायची. धाकटा म्हणालाच होता, ‘हो गं ताई, दुसरीकडे कुठे जाणार.’ धाकटा शहरात बस चालवायचा आणि जन्मात कुणाला नाही म्हणालेला नव्हता. थांबा नसेल तिथेही कुणी हात केला तर तो बस थांबवायचा आणि वरिष्ठांची बोलणी खायचा.

दुपारच्या सुमाराला मनोऱ्यांत राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. पाववाल्याच्या जागेत दवाखाना थाटून त्यांना वर्षही झालं नव्हतं. मागच्या दाराची किल्ली आणखी एक करून हवी होती आणि दुकान उद्यापासून नाही, असं त्यांना कळलं होतं. आबांनी बांधलेली पेटी पुन्हा सोडली, कोरी किल्ली शेगड्याच्या जबड्यात आवळून धरली आणि कानशीने घासायला घेतली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी शिडीवरच्या भावजयीला पाहिलं.

“तुम्ही भेटलात ते बरं झालं,” त्या म्हणाल्या. “ताईंनी सांगितलं ना, तुमची मुलगी कालव्याकाठीच जाणार म्हणून, तेव्हा आमचंही ठरून गेलं. आमचीला निदान एक ओळखीचा चेहरा मिळेल.”

भावजय शिडीवरून खाली उतरली. हात पुसले, डॉक्टरीणबाईंच्या मुलीची चौकशी केली, दवाखाना कसा चाललाय विचारलं. ती जमीनमोजणी खात्यात होती. भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या मधोमध उभं राहून शांतपणे मोजमाप घेण्याची तिला सवय होती. किल्ली तयार झाली, डॉक्टरीणबाई गेल्या, आणि मग भावजय ताईकडे वळली.

“ताई, हे कधी ठरलं?” तिनं विचारलं.

ताईनं हातातलं कुलूप खाली ठेवलं आणि धाकट्याकडे पाहिलं. धाकटा कपाटात डोकं घालून एक स्क्रू शोधत होता, जो बहुधा तिथे नव्हता.

“तू हो म्हणालास यांना?” भावजयीनं त्याच्या पाठीला विचारलं.

“मी म्हणालो, बघू.”

“मला तर टाकीजवळची म्हणाला होतास.”

“तेही बघूच म्हणालो होतो,” कपाटातून आवाज आला.

आबांनी शेगडा सैल केला. “दोन्ही डगरींवर हात ठेवणारा शेवटी मधल्या पाण्यातच पडतो,” ते म्हणाले. “बाहेर ये. कपाटात काही नाही.”

मग व्हायचं ते झालं. ताईला वाटत होतं की आपण नीट बोलतोय, पण तिचे शब्द तिच्या पुढे पळत सुटले. ती म्हणाली, की पिढ्यान्‌पिढ्या ज्या शाळेनं या घराला चार अक्षरं दिली, तिच्याकडे घरच्यांनीच पाठ फिरवली तर परक्यांनी का यावं. ती म्हणाली, की टाकीजवळची शाळा बाहेरून चकचकीत आहे, एवढंच. आणि मग, जे बोलायचं नव्हतं तेही बोलून गेली, की भावजयीला मनोरेवाल्यांचंच जवळचं वाटणार, त्यांच्या जमिनी तिनंच तर मोजून दिल्यात.

हे ऐकून धाकटा सरळ उभा राहिला. भावजयीचा चेहरा मात्र हलला नाही.

“ताई,” ती म्हणाली, “तुम्ही भिंगरीच्या डाव्या बाजूला कधी बसलात?”

ताईनं खाली ठेवलेलं कुलूप पुन्हा उचललं.

भिंगरी लहान असताना एका तापात तिचा डावा कान जवळजवळ गेला होता. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि ठाऊक असल्यामुळेच कुणी त्याचा विचार करत नव्हतं. तिला कानात घालायचं यंत्र दिलं होतं, पण ते सगळेच आवाज सारखे मोठे करायचं, म्हणून ती ते खिशात ठेवायची. बोलायला तर ती अशी पटाईत होती, की हिला कमी ऐकू येतं असं सांगितलं तर नवखा माणूस हसायचा.

भावजय सांगू लागली. मागच्या महिन्यात कालव्याकाठच्या शाळेनं नव्या मुलांसाठी वर्ग उघडे ठेवले होते. ताई तेव्हा वरच्या मजल्यावर परीक्षा घेत होती. भिंगरी एक पूर्ण तास इतिहासाच्या वर्गात बसली. बाहेर कालव्याच्या पुलावरून मालमोटारी जात होत्या, बाकं सरकत होती, आणि त्या उंच छताखाली एकेक शब्द चार-चारदा घुमत होता. घरी येऊन ती दिवसाउजेडी झोपली, डोकं दुखतंय म्हणाली.

“तिला काहीच ऐकू आलं नव्हतं,” भावजय म्हणाली. “ती हसत होती, कारण बाकीची मुलं हसत होती. मी दारातून बघत होते.”

“मी तिला पहिल्या बाकावर बसवीन.”

“तुमच्या तासाला. आणि बाकीच्या तासांना?”

ताईनं आबांकडे पाहिलं. भांडणात आबा तिची बाजू घेतात हा घरातला जुना रिवाज होता. धाकटा लहानपणापासून त्यावर कुरकुरत आला होता. पण आबा दाराकडे बघत होते. दारात भिंगरी उभी होती, गळ्यात कसली तरी जुनी साखळी, हातात दारांच्या तीन सुट्या मुठी. किती वेळची उभी होती कोण जाणे.

“तिला कुणी विचारलं का?” आबा म्हणाले.

मग सगळ्यांनी मिळून एकदमच विचारलं. भिंगरीनं खांदे उडवले आणि सांगितलं, “मला कुठलीही चालेल.”

ताईच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. या पोरीला दुसऱ्याच्या पायातल्या मोज्यांबद्दलही मत असायचं. तिला कुठलीही चालेल, असं आजवर कधी झालं नव्हतं.

शेवटी आबांनीच निकाल दिला. ताईनं टाकीजवळची शाळा आतून बघावी. भिंगरी आणि तिची आई तिथे वर्गात बसून बघायला जाणारच आहेत, तर ताईनंही सोबत जावं. “न पाहिलेल्या कुलपाची किल्ली मीसुद्धा करत नाही,” ते म्हणाले, “आणि मोजणीबाई उगाच बोलत नाहीत.” सुनेला ते लाडानं मोजणीबाई म्हणायचे. ताईला मात्र त्या क्षणी तो लाड टोचला. त्या दिवशी उरलेली सगळी कुलपं तिनं एकटीनं उतरवली.

ताईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोष शोधायच्या तयारीनं गेली. दोष सापडलेही. काच फार होती. भिंतीवरची मुलांची चित्रं एकाच मापाच्या चौकटींत इतकी नीट बसवली होती, की ती मुलांनी काढलीत यावर विश्वास बसेना. उपमुख्याध्यापक सगळ्यांशी सारखंच हसत होते. आणि व्हरांड्यातून पळणाऱ्या पोरांत आपल्या गल्लीतलं एखादंच तोंड दिसत होतं. तेवढ्यानं तिला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

मग त्यांना भूगोलाच्या तासाला नेलं. भिंगरीला मधल्या रांगेत जागा दिली आणि या दोघींना मागच्या खुर्च्या. जमिनीवर सतरंजीसारखं काहीतरी जाड पसरलेलं होतं. भिंतींवर छतापर्यंत मऊ फळ्या. खुर्च्यांच्या पायांना कापडाच्या टोप्या. एक मुलगा खुर्ची ढकलून उठला तरी आवाज झाला नाही.

बाई नद्यांबद्दल बोलत होत्या. तरुण होत्या, आवाज बारीक होता. फळ्याकडे तोंड करून नदीचं वळण काढता काढता त्या बोलतच राहिल्या आणि ताईच्या लक्षात आलं, की पाठमोऱ्या बाईंचा शब्द न् शब्द आपल्याला शेवटच्या खुर्चीवर ऐकू येतोय.

मग तिनं भिंगरीकडे पाहिलं.

भिंगरी सरळ बसली होती. ताईला आधी कळेना, की या पाठमोऱ्या पोरीत वेगळं काय आहे. घरी भिंगरी नेहमी मान डावीकडे वळवून बसायची, उजवा कान समोरच्याकडे करून. जेवताना, बोलताना, दूरदर्शन बघतानाही. फोटो काढणारा दरवेळी सांगायचा, बाळ, मान सरळ कर. घरच्यांना ती तिची लकब वाटायची. त्या वर्गात तिची मान सरळ होती, खांदे सैल होते आणि खुर्चीखाली तिचे पाय झुलत होते. बाईंनी काहीतरी विचारलं, तिचा हात वर गेला. उत्तर साफ चुकलं. बाई हसल्या, दुसऱ्या तऱ्हेनं विचारलं, आणि भिंगरी पुन्हा बोलायला लागली. ती काही केल्या थांबेना.

ताईनं भावजयीकडे बघितलं नाही. भावजयही समोरच बघत होती. पण तिनं आपला हात ताईच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि तास संपेपर्यंत तो तिथेच होता.

ताई आपल्या वर्गाचा विचार करत होती. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या टाकल्या की मालमोटारींच्या वरताण ओरडून शिकवावं लागायचं. मागच्या बाकांवरच्या मुलांचं लक्ष नसतं, हे ती आणि तिच्याबरोबरचे सगळे शिक्षक धरूनच चालत आले होते. त्यांतल्या कितींपर्यंत आपला शब्द पोचतच नसेल, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला आणि पडल्यावर तो हटेना.

भावजय तिथूनच कामावर गेली. ताई आणि भिंगरी टाकीचा चढ उतरून चालत निघाल्या. ताई आठवणीनं तिच्या उजव्या बाजूला आली. भिंगरीच्या ते लगेच ध्यानात आलं. थोडं चालून झाल्यावर तिनं विचारलं, “आत्या, तुला राग आला?”

“कशाचा?”

“मला ती शाळा आवडली त्याचा.”

“परवा तर तुला कुठलीही चालत होती.”

भिंगरी कालव्याच्या कठड्याच्या गजांवरून बोट फिरवत चालत राहिली. मग म्हणाली, “मी आले नाही तर तुझी शाळा बंद होईल ना? बाबा आईला सांगत होते, एकेक पोर मोजून धरलंय ताईनं. मी शेजारी होते. मला ऐकू येत नाही असं समजून लोक खूप बोलतात.”

ताई थांबली. कठड्याला टेकली. खाली कालव्याच्या पाण्यावर मनोऱ्यांची उलटी चित्रं हलत होती. एवढ्याशा पोरीनं ही शाळा आपल्या डोक्यावर घेतली होती आणि त्या बोज्याखाली तिला कुठलीही चालत होती. ताईला स्वतःच्या दारोदारच्या चकरा आठवल्या. शाळा वाचवायच्या भरात आपण कुणाचं काय वापरून आलो, ते तिला आता नीट दिसलं.

“हे बघ,” ती म्हणाली, “शाळा चालू ठेवणं हे माझं काम. तुझं काम शाळेत जाणं आणि बाई काय म्हणतात ते ऐकणं. माझं काम तू करू लागलीस तर मी काय करू?”

“आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलंस ते?”

“ते मी निस्तरते.”

“मग मला टाकीजवळची,” भिंगरी म्हणाली, आणि पुढच्या क्षणी तिच्या तोंडाचा पट्टा असा सुटला, की घर येईपर्यंत ताईला नद्यांच्या वळणांबद्दल सगळं कळून चुकलं, त्यातलं अर्धं चुकीचं.

संध्याकाळी आबांच्या घरी सगळे जमले. मागची खोली दुकानाच्या सामानानं भरून गेली होती आणि पेट्यांवरच बसावं लागत होतं. ताईनं मुद्द्यालाच हात घातला. शाळा चांगली आहे, भिंगरीनं तिकडेच जावं, आणि दुकानात मी जमिनींचं जे बोलले ते बोलायला नको होतं. एवढं बोलून ती चहा गाळायला उठली. तिच्या हातातलं गाळणं भावजयीनं काढून घेतलं.

धाकट्याला आबांनी मुद्दाम विचारलं, की तुझं काय म्हणणं. तो सवयीनं बघू म्हणणार होता; तोंड उघडलंही होतं. मग त्यानं लेकीकडे पाहिलं. “टाकीजवळची,” तो म्हणाला. “ताई, तुला वाईट वाटलं तरी.” असं स्पष्ट वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची घरात कुणाला सवय नव्हती. वाईट वाटलंच ताईला. पण भावाचा अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकाच वेळी वाटल्यामुळे तिनं चहात साखर दोनदा घातली.

चहा पिता पिता भावजयीनं विचारलं, “ताई, तुमच्या वर्गाचं छत किती उंच आहे?”

“कशाला?”

“मोजायला येईन म्हणते.”

दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात गेली. शेवटचा रोगी जाईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिली. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. ताईनं सगळं सांगितलं, की भाची टाकीजवळ जाणार, तिच्या कानाचं असं असं आहे, आणि घरात न विचारताच आपण ते दारोदार सांगत सुटलो, ते चुकलं. बाकीच्या दारांतही जाऊन हेच सांगणार आहे.

डॉक्टरीणबाईंनी नळ बंद केला. “मग आमच्या मुलीनं का यावं?”

अशा प्रश्नासाठी ताईकडे एक भाषण तयार असायचं. शाळेची परंपरा, मोठं पटांगण, जुने नावाजलेले विद्यार्थी. त्यातलं एकही वाक्य तिला आता धड वाटेना.

“तुमची मुलगी सगळ्याला का म्हणून विचारते,” ती म्हणाली. “मी दारात उभी होते तेव्हा तिनं मला विचारलं, त्रिकोणाला तीनच बाजू का. माझा वर्ग लहान आहे. तिच्या प्रत्येक ‘का’पाशी थांबायला मला वेळ आहे. मला जे येणार नाही ते मी दुसऱ्या दिवशी शोधून आणीन. आमच्याकडे गल्लीतली मुलं आहेत, तुमच्या मनोऱ्यातली थोडी येतील. ती एकमेकांना काय विचारतील ते मला बघायचंय. आणि वर्ग घुमतो. तेही सांगून ठेवते. सुट्टीत ते दुरुस्त करायचं मनात आहे, कसं ते अजून ठाऊक नाही.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचार करते. ताईला त्याचा अर्थ कळत होता. नंतरच्या दिवसांत ती बाकीच्या दारांतही गेली. एका घरानं मुलाचं नाव काढून घेतलं. एका आजोबांनी खरं सांगितल्याबद्दल तिला आत बोलावून बसवलं आणि नातवाचं नाव तसंच ठेवलं. घरी परतताना ताईचे पाय भरून यायचे, पण कुणाच्या दारात काय बोललो ते आठवत बसायची आता गरज उरली नव्हती.

सुट्टी लागली तशी भावजय मोजणीचं यंत्र घेऊन कालव्याकाठच्या वर्गात आली. छत, भिंती, खिडक्या मोजल्या, मधोमध उभं राहून टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकत राहिली. तिच्या कचेरीतल्या एका जाणत्या माणसाला तिनं विचारलं होतं. भिंती मऊ करा, निम्म्या जरी झाल्या तरी फरक पडेल, असं तो म्हणाला होता. पण मऊ करायच्या कशानं, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

उत्तर डॉक्टरीणबाई घेऊन आल्या. मनोऱ्यांत लोक घर घेतलं की आधीच्या माणसाचे गालिचे काढून टाकतात आणि ते तळघरात पडून राहतात, हे त्यांना ठाऊक होतं. एके सकाळी त्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या, मागे त्यांची मुलगी आणि मनोऱ्यातले दोघे शेजारी, प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक गुंडाळी. विचार करते म्हणाल्या होत्या, तो केला, एवढंच त्यांनी सांगितलं.

मग तो वर्ग म्हणजे लग्नघर झाला. धाकट्यानं हातगाडी मिळवली आणि सुट्टीच्या दिवशी मनोरे ते कालवा अशा खेपा घातल्या. वाटेत कुणी हात केला तर त्याचंही सामान घेतलं. आबांनी आकडे वळवले आणि गालिच्यांचं वजन पेलेल असे भिंतीत ठोकले. गल्लीतल्या आयांनी गालिचे झोडपून इतकी धूळ काढली, की पलीकडच्या काठावरून लोक बघायला आले. भिंगरी आणि डॉक्टरीणबाईंची मुलगी बाकांच्या पायांसाठी जुन्या घोंगडीच्या टोप्या कापत बसल्या. एक सारखी विचारत होती आणि दुसरी सारखी सांगत होती, त्यामुळे दोघींचं बरं जुळलं.

काम संपत आलं तेव्हा धाकट्यानं हळूच विचारलं, की आता वर्ग एवढा छान झालाय तर भिंगरीला इकडेच का घालू नये. ताईनंच त्याला गप्प केलं. हा एकच वर्ग झालाय, बाकीचे अजून घुमताहेत. ते होतील, पण पोरीनं तोवर वाट का बघावी. भिंगरीला तर विचारायचीही सोय नव्हती. तिनं टाकीजवळच्या वर्गातली आपली खुर्चीसुद्धा मनात ठरवून ठेवली होती.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात पालिकेच्या कचेरीतून निरोप आला. तुकडी भरली होती. काठोकाठ नव्हे, पण भरली होती. शाळा मिसळायचं एक वर्ष तरी टळलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी भिंगरी आईबरोबर टाकीच्या चढाकडे गेली. यंत्र तिनं आपणहून कानात घातलं होतं. ताईला चौकातच सोडून ती पुढे पळाली आणि मागे वळून बघायचं विसरून गेली. ताई तिच्याकडे बघत उभी राहिली, मग कालव्याकडे वळली.

वर्गात भिंतींवर गालिचे होते, निळे, तपकिरी, आणि मागच्या भिंतीवर मोठमोठ्या गुलाबांचा एक. गुलाब बघून कुणीतरी फिसकन हसलं. गल्लीतली पोरं एका बाजूला बसली होती, मनोऱ्यांतली दुसऱ्या बाजूला, आणि डॉक्टरीणबाईंची मुलगी बरोबर मधे. तिचा हात घंटा व्हायच्या आधीपासूनच वर होता. पुलावरून एक मालमोटार गेली. खिडकीची काच थरथरली, पण बाकी काही झालं नाही.

ताईनं फळ्याकडे तोंड केलं आणि एक त्रिकोण काढला. घरात पलीकडच्या माणसाशी बोलावं इतक्याच आवाजात, पाठमोरी राहून, तिनं विचारलं, की यात कुणाला काय दिसतंय.

मग मागून, गुलाबांखालच्या शेवटच्या बाकावरून, एक मुलगी म्हणाली, “बाई, तिसरी रेघ वाकडी आहे.”

ताईनं मागे सरून पाहिलं. खरंच वाकडी होती. तिनं ती पुसली आणि पुन्हा काढली.